खडकावरची चाकोरी

निजामाच्या राज्यात मी पाऊल टाकलं तेव्हा माझं वय चव्वेचाळीस होतं. बरोबर बायको, दोन ट्रंका आणि एक बाजाची पेटी. मनमाडला गाडी बदलली, निजामाच्या रेल्वेत बसलो, आणि हद्द लागली तशी करोडगिरीची, म्हणजे जकातीची, माणसं डब्यात चढली. ट्रंका त्यांनी नुसत्या पायानं हलवून पाहिल्या. पेटीपाशी मात्र जमादार उकिडवा बसला.

"इसमें क्या है?"

"बाजा है साहब. भजन का."

"बजाके दिखाव. अंदर अफीम रहती, हमकू मालूम है."

मी वाजवली. गेली कित्येक वर्षं मी लोकांना सांगत आलोय की तीन तास वाजवत होतो, गाडी जागची हलली नाही, गार्ड हिरवी झेंडी डोळ्यांना लावून रडला, आणि जमादार म्हणाला की असा बाजा हैदराबादच्या दरबारातही वाजत नाही. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे मी दीड कडवं वाजवलं आणि जमादार म्हणाला, "बस करो मियाँ, लोगाँ सो रहे." दोन्ही बाजू तुमच्यापुढं ठेवल्या आहेत. या हकिकतीच्या शेवटातला मात्र बायकोनं आजवर एक शब्द बदललेला नाही. तिनं बदलावा असं मला फार वाटतं.

आम्ही बेने इस्राएल. अलिबागकडचे यहुदी. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी, आमच्या शब्बाथला, घाणा बंद. घरात मराठी, ताटात मासळी-भात, आणि देव एकच, त्याची मूर्ती नाही. आज्यानंतर घाणा गेला, मी मुंबईत गिरणीत फिटर झालो, गिरणी बुडाली, आणि औरंगाबादच्या गिरणीत जागा आहे असं कळल्यावर निघालो. फिटरकी हाताबरोबर आली. मुंबईत कीर्तनकार म्हणून जो मान होता तो मात्र तिथंच राहिला.

यहुद्यांत कीर्तन कसलं, असं विचारणारे भेटतात. मराठी माणसाला देवाची गोष्ट सांगायची तर उभं राहून, झांज हातात घेऊन, साकी-दिंडी म्हणतच सांगायची, हे आमच्या वाडवडिलांनी कधीच ठरवून टाकलं होतं. मोशेचं आख्यान, योसेफाचं, एस्तेर राणीचं, सगळी मला तोंडपाठ. माझं मोशेचं आख्यान ऐकून माहीमची खाडी दुभंगली होती, पण ते राहू द्या.

औरंगाबादेत आमची सहा घरं होती, सगळी छावणीत. कुणाचा आजा पलटणीबरोबर आलेला, कुणाचा बाप रेल्वेत. तिसऱ्या पिढीला एवढंच ठाऊक होतं की आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, आणि शनिवारी चूल पेटवायची नसते. प्रार्थना निम्मी विसरलेली. मशीद नाही (आमच्या प्रार्थनाघरालाही आम्ही मशीदच म्हणतो), तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी नाही, प्रार्थना चालवणारा हज्जान नाही. सणाला एकमेकांच्या घरी शेवया पाठवायच्या आणि गप्प बसायचं.

मला पहिल्यांदा घरी बोलावलं ते कंपौंडरनं. लष्करी दवाखान्यातून निवृत्त झालेला, पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. अंगाला खोकल्याच्या औषधाचा वास आणि सदऱ्याला अशी इस्त्री की घडीवर भाजी चिरावी. माझी पेटी पाहून तो म्हणाला, "बुवा, तुम्ही आलात, आता आमचं कायतरी होईल. ही ओसरी तुमची."

निजामी राज्यात सुटी जुम्म्याची, शुक्रवारची. गिरणी बंद, कचेऱ्या बंद. आमचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य बुडाला की लागतो, आणि एकदा लागला की वाद्याला हात लावायचा नाही. म्हणजे शुक्रवारची दुपार आमच्यासाठी मोकळी, जणू निजाम सरकारनं कीर्तनासाठीच राखून ठेवलेली. जेवणं आटोपली की मंडळी ओसरीवर यायची. मी उभा राहायचो. सूर्य टेकडीला टेकला की पेटीवर पांढरं कापड टाकायचं, आणि मग नुसत्या गळ्यानं, जेवढी येईल तेवढी प्रार्थना. पेटीवर म्हणून गळ्यात बसलेली चाल कापड टाकल्यावरही गळ्यातच राहायची. अशा रीतीनं मी त्यांना वर्षभरात अख्खी शब्बाथची प्रार्थना शिकवली. आधी बायका शिकल्या, मग पुरुष लाजले.

पेटीवर कंपौंडर बसायचा. त्याला मी शिकवलं. गोळ्या मोजून तयार झालेली बोटं, आठ महिन्यांत चालायला लागली. पेटीवाल्याचा उजवा हात सूर दाबतो, डावा भाता ओढतो, आणि कीर्तनकाराचा जीव त्या डाव्या हातात असतो. मी थांबलो, खोकलो, ओळ विसरलो, तरी भाता चालू आहे तोवर समोरच्याला पत्ता लागत नाही. मी ओळ विसरल्याचं कंपौंडरला माझ्याआधी कळायचं. बायकोलासुद्धा एवढं कळत नाही.

आता अडचण आकड्याची. दहा पुरुष जमल्याशिवाय आमची पूर्ण प्रार्थना होत नाही, तोरा उघडता येत नाही. सहा घरांत मिळून आठ, मी नववा. कुणीतरी बातमी आणली की पाचोडला एक तेली आहे, तो शनिवारी घाणा जुंपत नाही. मी आणि कंपौंडर बाजाराच्या दिवशी बैलगाडीनं गेलो. धिप्पाड माणूस, अंगभर तेल.

"शनिवारी घाणा का बंद ठेवता?" मी विचारलं.

"बाप बी बंद ठेवायचा."

"तो का ठेवायचा?"

"त्ये इचारायचं राह्यलं."

मी तिथंच, पेंडीच्या पोत्यावर पाय देऊन, मोशेच्या आख्यानातलं समुद्राचं पद सुरू केलं. बाजार थांबला. बैल खाली बसले. मिरच्यांच्या ढिगाऱ्यामागची बाई रडली, पण ती कदाचित मिरच्यांमुळं असेल. तिसऱ्या ओळीला तेल्यानं माझा हात धरला. "ह्ये माझी आजी म्हनायची. पुढची वळ मला येती." आणि त्यानं म्हटली. बेसूर, पण म्हटली. दहावा मिळाला. त्या दिवसापासून दर शुक्रवारी तो गाडी जुंपून यायचा आणि रविवारी परत जायचा.

इथवर मी फुशारकी मारतोय असं वाटलं तर मारतोय. चव्वेचाळिसाव्या वर्षी परमुलखात येऊन मी बारा पदांच्या जोरावर एक जमात उभी केली. दुसरं काही मी आयुष्यात केलेलं नाही. फिटर तर कुणीही होतो.

मग म्हातारीनं तो प्रश्न विचारला.

म्हातारी कंपौंडरच्या शेजारची, एका हवालदाराची विधवा, जन्म छावणीतलाच. तिच्या सुनेची तीन बाळं गेलेली. एका शुक्रवारी मी एलियाहू हन्नाबीचं आख्यान लावलं होतं. हा आमचा संदेष्टा. अग्नीच्या रथातून स्वर्गात गेला, आणि आमचे लोक मानतात की जाता जाता त्याचा रथ कोकणात अलिबागजवळ एका खडकावर टेकला. चाकांच्या खुणा आहेत. तिथं जाऊन नवस बोलायचा आणि फेडताना मलिदा करायचा, म्हणजे भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, फळं. आख्यान ऐन रंगात असताना म्हातारी बोलली.

"बुवा, त्यो खडक तुमी पाह्यलाय?"

"हात लावलाय, आजी."

"तिथं नवस बोललं की पोर जगतं म्हनं."

"म्हणतात तसं."

"म्या कशी जाऊ? सून तर उंबरा वलांडत नाय. मग हितं नाय येत व्हय त्यो? निजामाच्या मुलखात शिरायला त्याला बी परवाना लागतो?"

ओसरी हसली. म्हातारी हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती, आणि शेजारच्या दाराआड तिची सून उभी होती. खरं उत्तर होतं की मला ठाऊक नाही. पण झांज हातात असताना मी आयुष्यात कधी "ठाऊक नाही" म्हटलेलं नाही. मी कंपौंडरकडं पाहिलं, त्यानं भाता ओढला, आणि मी गायला लागलो. कोकणातून रथ निघाला. घाट चढला. घोडे तहानले. स्वर्गात चढण्याआधी शेवटचा टेकला तो इथं, आपल्या छावणीमागच्या टेकडीवर. जा, बघा, खडकात दोन चाकोऱ्या आहेत, गुडघाभर खोल!

चाकोऱ्या होत्या. फिरायला जाताना मी पाहिल्या होत्या. गुडघाभर नव्हेत, बोटभर.

पेटीवर कापड टाकताना कंपौंडर हळूच म्हणाला, "बुवा, छावणी बांधताना दगड वाहणाऱ्या गाड्यांच्या चाकोऱ्या त्या. माझ्या आज्यानं सांगितलंय."

"मलाही तसंच वाटतं," मी म्हणालो. "रथ मी आत्ताच उतरवला."

तो खोकला लागेपर्यंत हसला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमची थाप माझ्या पोटात राहील. माझ्याबरोबरच जाईल."

पुढच्याच आठवड्यात म्हातारी सुनेला घेऊन खडकावर गेली. वर्षाच्या आत नात झाली, आणि जगली. खणखणीत रडणारी, काळीसावळी पोर. त्या मलिद्याला सुकं खोबरं वापरलं, कारण औरंगाबादेत ओला नारळ म्हणजे श्रीमंती. मग दुसऱ्या घरानं केला. मग जालन्याहून एक कुटुंब आलं, परभणीहून रेल्वेतले दोघे भाऊ आले. वर्षातून एकदा खडकावर माझं कीर्तन व्हायचं, दोनशे माणूस जमायचं. बायको म्हणते एकेचाळीस. एकेचाळीस तर एकेचाळीस! ज्या गावात शेवया पाठवून गप्प बसायचे त्या गावात एकेचाळीस यहुदी टेकडीवर एका सुरात गात होते. तुम्ही करून दाखवा.

राहिली ती गुंडाळी. चर्मपत्रावर हातानं लिहिलेली तोरा. ती असल्याशिवाय जमात पुरी होत नाही. मुलगा तेराचा झाला की त्याला वाचायला उभं करायचं कशापुढं? मुंबईतल्या एका मोठ्या मशिदीकडं आम्ही अर्ज केला. पत्रं कंपौंडर लिहायचा, त्याचं अक्षर वळणदार. लिहून मला वाचून दाखवायचा, मी सही ठोकायचो. शेवटी कळलं की तिथले एक वडीलधारे गृहस्थ स्वतः येऊन जमात बघणार आणि मग ठरवणार.

आदल्या दिवशी कंपौंडर माझ्याकडं आला. "बुवा, पाहुण्यापुढं खडक नको. मुंबईची माणसं. त्यांना नाही पटायचं."

"नको," मी म्हणालो. आणि खरंच ठरवलं होतं नको म्हणून.

शुक्रवार उजाडला. ओसरी माणसांनी भरली. पाहुणे खुर्चीवर, काठीवर दोन्ही हात ठेवून. मी एलियाहूचं आख्यान लावलं. योसेफाचं असतं, तर भावांनीच त्याला विहिरीत ढकलल्याच्या जागेवर पुढचा प्रकार घडला असता आणि गोष्ट फारच झकास जुळली असती. बऱ्याच ठिकाणी मी योसेफाचंच सांगतो. पण होतं ते एलियाहूचं. रथ मी कोकणात उतरवला, तिथूनच वर नेला, आणि आरतीकडं वळणार तेवढ्यात म्हातारी पुढं सरकली. मांडीवर नात.

"बुवा, आपल्या खडकाचं ऱ्हायलं की! सांगा पाव्हण्याला."

"व्हय, व्हय, सांगा," पाचोडचा तेली मागून गरजला. "लांबून आल्यात त्ये."

मी काय करायला हवं होतं? दहा वेळा विचार केलाय. समोर ती बाई, मांडीवर ती पोर. मी घोड्यांना तहान लावली. रथ घाट चढला, आणि टेकडी दिसायला लागली.

आणि सूर खाली बसला.

पेटीचा भाता सोडला की सूर एकदम तुटत नाही. तो खचत जातो, आजारी माणसाच्या आवाजासारखा. मी दोन ओळी कोरड्याच गायलो. मला वाटलं, याला घेरी आली. वळून पाहिलं तर कंपौंडरचा डावा हात मांडीवर होता.

"पुरे, बुवा," तो म्हणाला. मग पाहुण्यांकडं वळून, "तो खडक खोटा आहे. दगडाच्या गाड्यांची चाकोरी आहे ती. बुवांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

पाहुण्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी शांतपणे मान हलवली. "पत्रातला खडक तो हाच ना?"

"हाच."

पत्रातला! ज्या पत्रांवर माझी सही होती त्यात खडक नव्हता. म्हणजे आणखी एक पत्र होतं, मला न दाखवलेलं. पाहुणे म्हणाले, "गुंडाळी आम्ही देऊ. पण तुमच्याच माणसानं लिहून दिलंय तसं, खडकावरचा मलिदा बंद आणि हे कीर्तनही बंद." त्यांच्या आवाजात राग नव्हता. दवाखान्यात पथ्य सांगतात तसे सांगत होते.

मी कंपौंडरकडं बघत होतो. तो पेटीच्या पट्ट्यांकडं.

म्हातारीनं नातीला छातीशी धरलं. "मग ही पोरगी कुणी दिली?"

"देवानं दिली, आजी," पाहुणे म्हणाले.

"त्ये ठावं हाय मला. पर आनून कुणी दिली?"

पाहुण्यांनी काठीवरचे हात बदलले. मग ती माझ्याकडं वळली. "बुवा. खोटं हाय व्हय?"

पेटी चालू असती तर मी काहीतरी गायलो असतो. देवाशपथ गायलो असतो, आणि त्या ओसरीनं मानलं असतं. पण सुराशिवाय मला खोटं बोलता येत नाही, हे त्या क्षणापर्यंत माझं मलाच ठाऊक नव्हतं. आणि कंपौंडरला पक्कं ठाऊक होतं. मी खाली पाहिलं. म्हातारी पोरीला घेऊन उठली आणि मला ओलांडून गेली. पदराचा वारा लागला, एवढीच तिची माझी शेवटची भेट. उन्हं टेकडीला टेकलेली. बायकोनं पेटी उचलली, मी झांज घेतली, आणि सूर्य बुडायच्या आत आम्ही घर गाठलं.

गुंडाळी आली. मखमलीच्या झग्यात, चांदीचा शेंडा असलेली, असं बायको सांगते. मी गेलो नाही. पहिल्या शनिवारी सकाळी कंपौंडर माझ्या दारात उभा. इस्त्री तशीच.

"बुवा, चला."

"मला कशाला बोलावता? तुमचं पथ्य आहे."

"नऊच आहोत." त्यानं बोटांवर मोजून दाखवले. "जालन्याचे, परभणीचे खडकासाठी यायचे. आता येत नाहीत. तेली आलाय, तो धरून नऊ."

"रथात बसवून आणा एखादा."

तो हसला नाही. "पोरांनी पुढं काय वाचायचं, बुवा? चाकोरी? मला गुंडाळी हवी होती."

"मग मला आधी सांगायचं. मी स्वतः बंद केलं असतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला पटवलं असतं," तो म्हणाला. "गाऊन."

हे त्याचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच मी ते त्याला अजून माफ केलेलं नाही. ज्यानं एखाद्याला थोडंफार ओळखलंय त्यानं फसवलं तर निदान शिव्या देता येतात. यानं मला आतून-बाहेरून ओळखलं होतं. ती ओळख मीच करून दिली होती, आठ महिने मांडीला मांडी लावून, त्याची बोटं धरून.

मी सदरा चढवला आणि गेलो. जमात मी उभी केली होती, ती एका माणसासाठी अडून राहावी हे मला बघवेना. ओसरीच्या कोपऱ्यात खांबाला टेकून बसलो. त्यांनी प्रार्थना म्हटली, मी शिकवलेल्या चालीवर, माझ्याच जागी आवाज उंचावत, माझ्याच जागी श्वास घेत. मी तोंड उघडलं नाही. दहावा माणूस गातो की नाही हे शास्त्रात विचारलेलं नाही. तो बसलेला असला की झालं.

तेव्हापासून असंच चाललंय. पेटी आमच्या फळीवर पांढऱ्या कापडाखाली आहे, शुक्रवारीही आणि मंगळवारीही.

खडक मात्र बंद झाला नाही. बायका जातात, पाहुण्यांना न सांगता, कंपौंडरला न सांगता. परवाच्या शुक्रवारी म्हातारी मागच्या दारानं आली. बरोबर नात, आता चालती-बोलती. बायकोच्या हातात तिनं केळीच्या पानाची पुडी ठेवली. मी आतून ऐकत होतो.

"मलिदा हाय. खडकावरचा."

"मावशी, तो खडक तर…"

"खडक खरा हाय, पोरी. बुवाच खोटा हाय. त्याला खाऊ घाल, पर कुठनं आनलाय सांगू नको."

बायकोनं लगेच सांगितलं. मी खाल्ला. सुकं खोबरं, साखर जरा जास्तच. त्यांनी माझी थाप ठेवून घेतली आणि मला घालवलं. मुंबईपासून पाचोडपर्यंत इतक्या सफाईनं मला कुणी लुटलेलं नाही, आणि यात मी काडीचाही मसाला घातलेला नाही. बायकोला विचारा.

शनिवारी मी जरा सावकाशच निघतो. कंपौंडर फाटकाशी उभा असतो, हात कपाळावर आडवा धरून. मी दिसल्याशिवाय त्याला गुंडाळी उघडता येत नाही. तो मला वळणावर बघतो, मी त्याला बघतो. मग मी रस्त्याच्या कडेला, दगडावर बसतो आणि वहाणेचा अंगठा नीट करतो. अंगठ्याला काही झालेलं नसतं.